पिवळं कार्ड

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
सभा तीनची, सुरू झाली पावणेचारला,
कारण कॉइलिंगवर ट्रॅक्टरवाल्यांच्या स्प्रिंगा होत्या
आणि सभेपेक्षा ऑर्डर मोठी,
हे उपविधीत नाही, पण आहे.

इतिवृत्त मी लिहितो. अक्षर बरं म्हणून,
आणि डाव्या हाताची दोन बोटं प्रेसने नेल्यापासून
मला मशीनवर कुणी उभं करत नाही म्हणूनही.

उपस्थित कामगार सभासद एकतीस, कार्ड निळं.
गुंतवणूकदार सभासद एक, कार्ड पिवळं:
सुलभा चित्रे, चरईतून रिक्षाने,
गुडघ्याला पट्टा, पिशवीत घरचं पाणी.

मालकाने शटर ओढलं त्या साली
बँकेने आम्हाला तारण विचारलं.
आमच्याकडे होते हात,
आणि हातांचा सातबारा निघत नाही.
तेव्हा ह्या आल्या, नवऱ्याच्या फंडातले चार लाख घेऊन.
नवरा इथे टर्नर होता वगैरे, तसं काही नाही.
पेपरात चार ओळी वाचल्या, फोन केला.
विचारलं, बुडाले तर?
रघुवीर तांडेल म्हणाला, बुडतील.
बरं, म्हणाल्या, निदान सांगितलंत.

मग त्यानेच नियम समजावले, पंगतीवर आणून.
आपल्यात पाहुणा आधी जेवतो, बाई, इथे उलटं.
आधी पगार. मग वीजबिल, तार, भट्टीचा गॅस.
मग राखीव निधीचं पान.
पातेल्यात उरलं तर तुम्हाला,
आणि कितीही उरलं तरी
आठ टक्क्यांवर डाव जायचा नाही.
मत? पगार, पाळ्या, कुणाला घ्यायचं, यात नाही.
गाळा विकायचा, कारखाना मोडायचा, तेव्हा आहे.
चार लाख असोत की चाळीस, मत एक.
बोला मात्र कधीही,
बोलायला कार्ड लागत नाही.

सहा वर्षांत तीनदा व्याज गेलं,
तीनदा नुसतं पत्र.
एका पत्रातली बेरीज चुकली होती.
लाल पेनाने दुरुस्त होऊन ते परत आलं.

आज ठराव सात.
शेजारचे दोन गाळे पाडून काचेची इमारत झाली,
तिला आता आमचीही जागा हवी.
आकडा मी फळ्यावर लिहिला,
शून्यं काढताना खडू दोनदा तुटला.
एकतीस जण मनात भागाकार करत होते.
फिलोमिनाच्या मुलीची फी, इस्माईलचं अर्धं राहिलेलं घर.
चित्रेबाईंना भागाकार नव्हता:
विकलं तर त्यांचे चार लाख सगळ्यांच्या आधी,
तेवढेच, वर एक रुपया नाही.

दोन तृतीयांश म्हणजे बावीस हात.
निळी मोजली. एकवीस.
पुन्हा मोजली.

मग सगळे पाठीमागच्या खुर्चीकडे वळले.
पिवळं कार्ड पासबुकातून निघालं,
कोपरा न दुमडलेलं, सहा वर्षांत न वापरलेलं,
आणि मांडीवर राहिलं.
कुणीतरी म्हणालं, आमच्या घामावर हिचं एक मत?
तांडेल म्हणाला, नियम आपणच केला,
तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्यास.
बाईंनी कारण सांगितलं नाही.
इतिवृत्तात कारणाचा रकाना नसतो.
ठराव नामंजूर. पुढच्या वर्षी पुन्हा आणता येईल.

भट्टी पेटवायला लोक उठले. काही जण न बोलता.
मी त्यांना रिक्षापर्यंत सोडलं.
तुमचं कार्ड वर होतं, त्या म्हणाल्या.
हो, म्हटलं.
दिसलं.
रिक्षावाला सुट्ट्या पैशांवरून कुरकुरत होता.
यंदा व्याज? त्यांनी विचारलं.
उरलं तर.
त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी उचलून आत घेतला.
आणि नाही उरलं, तर पत्राची बेरीज
एकदा तपासून पाठवा.